जेवढं लिहिलंय तेवढंच

शमू, तुझ्या मातीला आलेल्या माणसांना पत्रकं वाटत होते रे! तुझी पेटी अजून खाली उतरवली नव्हती. तुझी रूथ कडेला उभी होती, लेकीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, आणि टाय लावलेला एक गडी माणसांतून फिरत प्रत्येकाला विचारत होता, "आज मेलात तर कुठे जाल?" माझ्यापाशी आला. मी म्हटलं, "आज तर दिलसुखनगरला जाईन म्हणते, ऑटो मिळाली तर." त्याने गंभीरपणे माझ्याकडे बघितलं आणि एकाऐवजी दोन पत्रकं दिली. या लोकांना विनोद कळत नाही, हे मी तुला किती वर्षं सांगत होते.

पत्रक घरी आणून वाचलं. मास्तरणीची खोड, छापलेलं काही दिसलं की हात लाल पेन शोधतो. तेच चित्र, तीच आग, त्यात हात वर करून ओरडणारी तीच माणसं, आणि तीच मराठी, जी कुणी बोलत नाही आणि कुणी बोलूही नये. तू असतास तर म्हणाला असतास, "विमे, भाषेत खुसपटं काढू नको, अर्थ बघ." मी म्हटलं असतं, "मेल्या, अर्थ असता तर भाषेकडे लक्ष गेलं असतं का?" लहानपणापासून तुला मेल्या म्हणत आले. आता तो शब्द तोंडाशी येतो आणि मी गिळते.

तिसरीपासून आपण एका वर्गात. तुझे आजोबा जालन्याहून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून हैदराबादला आले, माझे परभणीहून सरकारी कचेरीत कारकून म्हणून. दोन्ही घरांतली मराठी एकच, निम्मी दखनी कालवलेली. करंज्याही त्याच, आमच्या दिवाळीला आणि तुमच्या नाताळाला. तुझ्या आजोबांनी मला कधी नरकाची भीती घातली नाही. जेवणाआधी ते डोळे मिटायचे, आपण तेवढ्यात करंज्या पळवायचो, आणि त्यांना मिटल्या डोळ्यांनी ते कळायचं म्हणून ते प्रार्थना जराशी लांबवायचे. त्याला म्हणतात ख्रिस्ती माणूस. तुझा तो सभा घेणारा ब्रदर त्यांच्यापुढे म्हणजे दारात येऊन उभा राहिलेला वसुलीवाला.

सुमन गेली आणि तुझं बिनसलं. तुझी बायको, पण माझी मैत्रीण आधी; ते लग्न मीच जमवलं होतं. कॅन्सरने बघता बघता नेली तिला. तुमच्या जुन्या चर्चचे म्हातारे पाळक भेटायला आले तेव्हा तू त्यांना विचारलंस, "का?" ते म्हणाले, "मला माहीत नाही, शमुवेल." आणि चहा गार होईपर्यंत तुझ्याजवळ बसून राहिले. त्या दिवसापासून मला त्या माणसाबद्दल आदर आहे. तुला मात्र ते उत्तर पुरलं नाही. मग कुणीतरी तुला नामपल्लीला एका तंबूतल्या सभेला घेऊन गेलं आणि तिथे हा ब्रदर भेटला. ब्रदरला सगळं माहीत होतं! सुमन का गेली, जग कधी बुडणार, बुडताना कोण वर तरंगणार, सगळं अध्याय आणि वचनासकट.

ब्रदर म्हणाला, तुमच्या घरात सैतानाला कुठून तरी वाट मिळाली असणार, शोधा. आणि तू शोधलीस! स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कामाला असताना एखाद्याचं हरवलेलं गाठोडं हुडकायचास, तसं सगळं घर हुडकलंस. आणि सापडलं काय, तर सुमनचा रांगोळीचा डबा. नाताळाच्या सकाळी ती दारात चांदणी काढायची, तिची आई काढायची तशीच. ब्रदरने ठरवलं, ही मूर्तिपूजा. तू डबा कचऱ्यात टाकलास. मी तो उचलून घरी आणला आणि तुला तोंडावर म्हटलं, "शमू, तुला लाज नाही." अजूनही तेच म्हणते.

त्यानंतर दर नाताळाला मी माझ्या दारात सुमनची चांदणी काढली. आपली घरं एकाच गल्लीत, तुझी सभेची वाट माझ्या दारावरून. पहिल्या वर्षी मी खिडकीत उभी होते, म्हटलं, पाय देऊ दे याला, आज याचं नाव कायमचं टाकते. तू बायबल काखेत धरून आलास, थांबलास, आणि पलीकडच्या चिखलातून वळसा घालून गेलास. पॉलिश केलेले बूट पार बरबटले. पुढेही दरवर्षी तसाच गेलास. त्याबद्दल आपण कधी एक अक्षर बोललो नाही.

ती वर्षंच तशी होती. परदेशी कोला आला, परदेशी वाहिन्या आल्या, आणि त्याच मालाबरोबर परदेशी नरकही आला, चकचकीत कागदावर, चार रंगांत, तेलुगू, उर्दू आणि मराठीतून. तू तो गठ्ठ्याने आणायचास आणि रविवारी दुपारी माझ्या टेबलावर ठेवायचास. मी उस्मानिया बिस्किटं काढायची, तू पत्रक उघडायचास, की भांडण सुरू.

"सहा दिवसांत केलं देवाने सगळं," तू म्हणायचास.

"चोवीस तासांचे दिवस?"

"दिवस म्हंजे दिवस."

"सूर्य चौथ्या दिवशी केला ना? मग पहिले तीन दिवस घड्याळ कशावरून लावलं?"

"देवाला घड्याळ लागत नाही, विमे."

"मग चोवीस तास कुणी मोजले, मेल्या?"

तुझ्याशी भांडायला म्हणून मी ते अख्खं बायबल वाचून काढलं, तुझ्या आजोबांचं, तूच मला दिलेलं. रागाने वाचायला घेतलं आणि पुष्कळ ठिकाणी राग विसरून वाचत बसले, हे तुझ्याजवळ कबूल केलं नव्हतं. केलं असतं तर तू सभेत माझ्या नावाने साक्ष द्यायला उभा राहिला असतास, म्हणून.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवणारी बाई. तुझ्या पुस्तकात वटवाघूळ पक्ष्यांच्या रांगेत बसवलंय, हे सापडलं तेव्हा तुला गाठायला मी शाळेतून तडक तुझ्या घरी आले. आता, जुन्या काळच्या माणसांनी उडतं ते पक्षी म्हटलं, त्यात त्यांचं काय चुकलं? तुझे आजोबा हसून "असेल बाई" म्हणाले असते आणि जेवायला बसले असते. पण तू!

"लिहिलंय ना? मग पक्षी."

"अरे, ते पिल्लाला दूध पाजतं!"

"पाजू दे."

पाजू दे म्हणे! एवढ्या पोरी माझ्या हाताखालून शिकून डॉक्टर झाल्या, आणि हा मला सांगतो, पाजू दे. त्या दिवशी तुला चहा न देता मी निघून आले, तुझ्याच घरातून, हे मला रस्त्यात आल्यावर कळलं.

एकदा तुला पँटवरून धरलं होतं. लोकर आणि ताग मिसळून विणलेलं कापड अंगावर घालू नये असं नियमशास्त्रात आहे, आणि तू माझ्यासमोर उभा टेरिकॉटच्या पँटीत, कडक इस्त्री करून. म्हटलं, आता कुठे जातो हा! तू शांतपणे बिस्कीट चहात बुडवलंस. "लोकर आणि ताग लिहिलंय. टेरिकॉट लिहिलंय का? जेवढं लिहिलंय तेवढंच धरायचं, विमे. आपल्या मनाचं वाढवायचं नाही." मी इतकी चिडले की कप आपटला. पण ते वाक्य मी पक्कं लक्षात ठेवलं.

तुझं तोंड एकदाच बंद झालं. ब्रदरने परत सुमनच्या आजाराचं कारण समजावलं, असं तू सांगत होतास. मी म्हटलं, "ईयोबाची गोष्ट आहे ना तुझ्या पुस्तकात? त्याची पोरंबाळं जातात, अंगभर फोड येतात, आणि मित्र येऊन त्याला कारणं समजावत बसतात. शेवटी देव कुणावर रागावतो रे? त्या समजावणाऱ्यांवर. तुझा ब्रदर त्यांतला कितवा?" तू अर्धा चहा ठेवून उठलास. पुढच्या रविवारी आलास आणि थेट नोहाच्या तारवावर बोलायला लागलास. त्या प्रश्नाचं उत्तर तू मला कधीच दिलं नाहीस. मीही परत विचारलं नाही, कारण तुझे डोळे मी पाहिले होते.

मग आल्या त्या काळ्या रेघा. साबणाच्या वेष्टनावर, टूथपेस्टच्या खोक्यावर, बिस्किटांच्या पुड्यावर उभ्या बारीक रेघा छापून येऊ लागल्या. त्या कशाला असतात ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. ब्रदरला माहीत होतं! बायबलच्या अगदी शेवटी, प्रकटीकरणात म्हणे लिहिलंय, शेवटच्या काळात एक पशू येईल, आणि त्याची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर घेतल्याशिवाय कुणाला काही विकता येणार नाही की विकत घेता येणार नाही. ती खूण म्हणजे या रेघा. पत्रकावर साबणाच्या वडीचा फोटो होता आणि भोवती ज्वाळा. मी पोट धरून हसले. तू नाही हसलास. जन्मभर नामपल्ली स्टेशनात लोकांच्या गाठोड्यांवर काळ्या शाईने खुणा करणारा माणूस साबणाला घाबरला! ब्लेड घेऊन वेष्टनं खरवडत बसायचास. कोपऱ्यावरचा किराणावाला तुला बघून आधीच विचारायचा, "साब, डब्बा फाड़ के दूँ क्या?" आणि गिऱ्हाइकांकडे वळून दात काढायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. तुला हसायचा हक्क माझा होता, त्याचा नव्हता.

इथवर ठीक होतं. साबण खरवडल्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग रूथला नोकरी लागली. इथल्याच एका क्लासात कॉम्प्युटर शिकली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला त्या काचेच्या नव्या इमारतींत तिला घेतलं. तिने गल्लीभर पेढे वाटले. पहिल्या दिवशी गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं, आणि त्यावर तिच्या फोटोखाली, रेघा. ते दारावरच्या यंत्रासमोर धरलं तरच दार उघडायचं. कार्ड बघून तू पांढराफटक पडलास. "नोकरी सोड," म्हणालास. ब्रदरने लगेच सोयही लावून दिली, त्याच्या ऑफिसात टायपिस्टची जागा रिकामी होती. म्हणजे सुमनची पोर दिवसभर बसून पत्रकांतलं अग्नीचं सरोवर टाइप करणार!

रूथ माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "मावशी, पप्पांना दुखवून मी जाणार नाही. आई गेल्यावर त्यांना मीच आहे. पण ही नोकरी गेली तर मी काय करू? सोमवारी नाही गेले तर दुसऱ्या कुणाला घेतील. तूच बोल."

मी आले, बिस्किटं न घेता, तुझ्या आजोबांचं बायबल घेऊन. तुझ्यापुढे ते पान उघडून ठेवलं.

"वाच. खूण कुठे घेतात?"

"उजव्या हातावर, नाहीतर कपाळावर."

"गळ्यात लिहिलंय का?"

तू पान जवळ ओढलंस.

"गळा, शमू. दोरीला बांधलेला बिल्ला. कुठे लिहिलाय दाखव."

"तसं नाही विमे, त्याचा अर्थ असा..."

"अर्थ? आज अर्थ आठवला? दिवस म्हंजे दिवस, पक्षी म्हंजे पक्षी, टेरिकॉट चालतं कारण टेरिकॉट लिहिलेलं नाही, आणि पोरीच्या नोकरीला तेवढा अर्थ? जेवढं लिहिलंय तेवढंच धरायचं, आपल्या मनाचं वाढवायचं नाही, कोण म्हणालं होतं? वाढवणाऱ्याचं काय होतं ते याच पुस्तकाच्या शेवटी दिलंय. काढून दाखवू?"

तू चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचलीस. रूथ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मला माहीत होतं, तू ऐकलंस तर माझं म्हणून ऐकणार नाहीस, त्या पानाचं म्हणून ऐकशील. ज्या अक्षरांच्या आंधळ्या पूजेला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिच्याच तोंडाकडे बघत बसले होते.

"हौ," तू शेवटी म्हणालास. "गळा लिहिला नाही." मग रूथकडे वळलास. "पण यंत्रासमोर डाव्या हाताने धरायचं. उजव्यात घ्यायचं नक्को."

"हौ पप्पा," रूथ म्हणाली.

आणि ती पोरगी आजतागायत कार्ड डाव्या हाताने धरते. ब्रदरने तुला समजवायला माणसं पाठवली तेव्हा तू त्यांना तेच पान दाखवून वाटेला लावलंस. तू मूर्ख होतास, शमू, पण सोयीचा मूर्ख नव्हतास. नियम स्वतःवर उलटला तरी तू तो पाळलास. ब्रदर, त्याचा टाय लावलेला गडी, ती पत्रकं लिहिणारे साता समुद्रापलीकडचे पंडित, यांतल्या एकाचीही तेवढी छाती नाही. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला, हे तोंडावर सांगायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात तुला झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, बोललेलं कुणाला कळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला आले तर तुझा उजवा हात पलंगाच्या दांडीला पट्टीने बांधून ठेवलेला. सिस्टर म्हणाली, "बहुत परेशान कर रहे, अम्मा. हाथ पटक पटक के छील लिए." रूथ औषधं आणायला खाली गेली होती. मी बघितलं. मनगटावर प्लास्टिकची पट्टी होती, त्यावर तुझं नाव, आणि नावाखाली काळ्या रेघा. सोललेलं होतं ते नेमकं तिथेच. तू माझ्याकडे बघत होतास. डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. एवढ्या मोठ्या दवाखान्यात, एवढ्या यंत्रांत, तुला काय होतंय ते फक्त मला कळत होतं.

"सिस्टर, ये पट्टी इस हाथ को नक्को. निकालो."

"सबको राइट हैंड को-च बाँधते, अम्मा. क्यों?"

क्यों! पलीकडच्या पलंगांजवळची माणसं माना वळवून बघायला लागली. त्यांत एक माझी जुनी विद्यार्थिनी होती, आईला घेऊन आलेली. आणि जन्मभर देव न मानलेली, वटवाघळावरून भांडलेली ही विमलबाई सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "इनकी किताब में लिखा है. उजवा हात नक्को. लेफ्ट को बाँधो." सिस्टर हसली. किराणावाला तुला हसायचा ना, अगदी तसं. हसू दे. मी तिथून हलले नाही. तिने कात्री आणली, पट्टी कापली, दुसरी आणून डाव्या हाताला बांधली, आणि दांडीची गाठही सोडली. तू तो मोकळा हात पोटावर ठेवलास, डोळे मिटलेस आणि झोपलास. रूथ वर आली, तुझे दोन्ही हात बघितले, आणि काही न विचारता माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्या झोपेतून तू उठला नाहीस.

दवाखान्यात एकदाही न फिरकलेला ब्रदर काल तुझ्या पेटीजवळ उभा राहून गरजला, "आमच्या या भावाने शेवटपर्यंत पशूची खूण उजव्या हातावर घेतली नाही!" सगळे आमेन म्हणाले. रूथने माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मी यायच्या आधी अख्खा दिवस ती पट्टी तुझ्या उजव्या हाताला होती. आणि तू पडलास अक्षर धरणारा. तेच धरून तू घाबरत गेलास का रे, शमू?

म्हणून काल घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी आजोबांचं बायबल काढलं. माझा विश्वास नाही, पण तुझा होता, तेव्हा तुझ्याच नियमाने वाचलं, बोट ठेवून, ओळ न् ओळ. हात लिहिलंय. कपाळ लिहिलंय. मनगट कुठेही लिहिलेलं नाही. पुढची पानंही बघितली, मागचीही बघितली. मनगट नाही. जेवढं लिहिलंय तेवढंच धरायचं, आपल्या मनाचं वाढवायचं नाही. तू बिनघोर जा, मेल्या.

वटवाघूळ मात्र पक्षी नाही.